शहाबादी फरशीवरचे तास

कौसर नदाफ सोलापुरातल्या एका महिला महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढीच नोकरी, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. तिचं शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातलं. पण अकरा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा रुजू झाली तेव्हा विभागप्रमुख अनसूया पुजारी यांनी तिच्यापुढे एक अभ्यासक्रम सरकवला.

"हा पेपर कुणी घेत नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला रोगप्रतिकारशास्त्र. मुलींना कळत नाही आणि शिकवणाऱ्यांना कंटाळा येतो. तू बघ काय जमतंय."

मुली आहारशास्त्राला येतात त्या पथ्य, कॅलरी, डबे, दवाखान्यातली आहारतज्ज्ञाची नोकरी डोक्यात ठेवून. त्यांच्यापुढे अचानक प्रतिपिंडं आणि टी-पेशी आल्या की त्या पाठांतराला लागत. प्रत्येक उत्तरपत्रिकेत शरीर म्हणजे किल्ला आणि पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक. कौसर लाल पेनने किल्ला खोडायची. "पेशीला शत्रू कळत नाही," ती सांगायची. "तिला फक्त आकार कळतो. बसला तर बसला, नाही बसला तर नाही." मग ती त्यांना त्यांच्याच विषयात घेऊन यायची. प्रतिपिंड प्रथिनाचं बनतं. ज्या बाळाच्या ताटात प्रथिन नाही त्याचं शरीर ते कशातून बनवणार? बाळंतिणीचं पहिलं चिकाचं दूध काढून फेकतात, तेव्हा नेमकं काय फेकलं जातं? असं दोन-तीन वर्षं चाललं आणि मुली तिला 'इम्युनो मॅडम' म्हणायला लागल्या. कॉलेजात हे नाव मिळणं म्हणजे मान होता, आणि कौसरला तो आवडायचा.

तिचा नवरा हारून छोटा टेम्पो चालवायचा. चादरी, टॉवेल, कुणाचं घरसामान, जे मिळेल ते. कधी टेंभुर्णीपर्यंत, कधी अक्कलकोटपर्यंत. सहा वर्षांपासून त्याला साखरेचा त्रास होता. गोळ्या घ्यायचा, आणि चहात साखर नको म्हणून सांगून टपरीवर साखरेचा चहा प्यायचा. घरात त्याचे वडील हुसेनसाब, नऊ वर्षांची मुलगी माहेनूर आणि ही दोघं. भांडणं व्हायची ती टेम्पोच्या हप्त्यावरून नाही, तर कोणाच्या मोबाईलचा चार्जर कोणी घेतला यावरून. इतपत सुखाचं घर होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, हारून दुकानांच्या फळ्या आणि पत्रे वाहत होता. एक खिळा त्याच्या चपलेतून आरपार तळव्यात गेला. तो संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढेपर्यंत त्याला पत्ताही नव्हता. चप्पल रक्ताने चिकट झाली होती. कौसरने पाय धुतला, मलम लावलं, दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावलं. चौथ्या दिवशी पाय लाल दिसत होता. सहाव्या दिवशी हारूनला थंडी वाजून आली, तो माहेनूरला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारायला लागला, आणि त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी करण्यासारखं होतं ते सगळं केलं. तीन दिवसांनी हारून गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता.

कौसर रडली नाही. बायका आल्या, गळ्यात पडल्या, तिने त्यांना पाणी दिलं. हारूनची बहीण साबेरा विजापूरहून आली होती. तिने कौसरचे दोन्ही खांदे धरून हलवले. "रो गे. रो ले एकदा," ती म्हणाली. कौसरने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू जेवलीस का?" साबेराने हात सोडले. ते ती अजून विसरलेली नाही.

कौसरला खरोखरच काही वाटत नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं, हीच अडचण होती. ती वाट बघत होती. मयत उचलली तेव्हा वाटेल, तिसऱ्या दिवशी वाटेल, हारूनचे कपडे वाटले तेव्हा वाटेल. कपडे वाटले. त्याची एक पॅन्ट धुवायची राहिली होती ती तिने धुतली, वाळवली, घडी घातली आणि दिली. वाळत घालताना खिशात एक ओली पावती सापडली, डिझेलची. ती तिने कचऱ्यात टाकली आणि हात पुसले.

नवरा गेल्यावर पाळायची इद्दत चार महिने दहा दिवसांची. तेवढे दिवस तिने घरातच राहायचं, असं साबेराचं आणि मोहल्ल्यातल्या मोठ्या बायकांचं म्हणणं होतं, आणि कौसरचं काहीच म्हणणं नव्हतं. पंधरा दिवसांनी अनसूयाबाई भेटायला आल्या. उठताना त्यांनी विषय काढला.

"कौसर, बोलायची ही वेळ नाही, पण एप्रिलअखेर परीक्षा आहे. इम्युनो घ्यायला कुणी तयार नाही. मी स्वतः घेईन म्हटलं, पण मला येत नाही ग ते. मुली अर्ध्यावर लटकल्यात."

कौसर काही बोलायच्या आत हुसेनसाब दारातून म्हणाले, "पोरींना हितं येऊ द्या की."

साबेरा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अब्बा, इद्दतीत कॉलेज भरवायचं घरात?"

"कॉलेज कुटं भरवतोय? पोरी येणार. मयताच्या घरी बायामाणसं येतातच की."

असे ते तास सुरू झाले.

अकरा मुली होत्या. आठवड्यातून तीनदा, दुपारी दोनला यायच्या, दाराबाहेर चपला ओळीत ठेवायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. फळा नव्हता. पहिल्या दिवशी कौसरने वहीत आकृती काढून फिरवली, पण ती शेवटच्या मुलीपर्यंत पोचेस्तोवर पहिली मुलगी विसरली होती. मग माहेनूरने दप्तरातून खडू आणून दिला आणि कौसर खाली बसून शहाबादी फरशीवर आकृत्या काढायला लागली. काळपट फरशीवर खडू चांगला उठतो. दारापासून कपाटापर्यंत पेशी पसरायच्या. हुसेनसाब असरच्या, उन्हं कलतानाच्या नमाजाला निघाले की भिंतीच्या कडेकडेने, एकेक पाऊल जपून टाकत, पेशी चुकवत बाहेर जायचे.

कौसरचं शिकवणं आधीसारखंच चोख होतं. मुलींना फरक जाणवायचा तो एवढाच, की ती आता हसत नव्हती आणि रागावतही नव्हती. आधी किल्ला लिहिला की ती चिडायची. आता नुसती रेघ मारायची. दुधनीची नागम्मा, वसतिगृहात राहणारी, घरी कन्नड बोलणारी, ती वर्गातल्या उर्वीला म्हणाली, "मॅडम लई हळू झाल्यात. आवाज तेवढाच हाय, पर माणूस लांब बसल्यावानी वाटतंय."

मार्चमध्ये मुलींना दुसऱ्या एका पेपरसाठी प्रात्यक्षिक होतं. कुणा एकाला गाठून त्याने गेल्या चोवीस तासांत काय काय खाल्लं ते आठवून सांगायला लावायचं आणि त्यावरून कॅलरी, प्रथिनं काढायची. वसतिगृहातल्या मुलींनी एकमेकींनाच विचारून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. नागम्माने मात्र पिशवीतून मापाच्या वाट्या काढल्या आणि तास संपल्यावर कौसरपुढे मांडल्या.

"मॅडम, तुमचं घेऊ?"

"माझं कशाला?"

"प्रात्यक्षिकाचे सर म्हणाले, घरातलं माणूस नको, अनोळखी पण नको."

कौसर तयार झाली. नाही म्हणायलाही काही कारण नव्हतं. नागम्माने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सुरुवात केली. काल सकाळी उठल्यावर पहिलं काय? चहा. किती? ही वाटी का ती वाटी? मग? चहाबरोबर बिस्किटं. किती? चार. मग दुपारी?

"भाकरी खाल्ली. डाळ. थोडा भात."

माहेनूर कोपऱ्यात चित्र रंगवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अम्मी, ते काल नाही. ते परवा. काल तू अर्धी भाकरी खाल्लीस, उरलेली मला दिलीस."

नागम्माने पेन थांबवलं. कौसर मुलीकडे बघत राहिली. तिला खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. दिवस एकावर एक चढले होते आणि कुठली भाकरी कुठल्या दिवसाची ते तिला वेगळं करता येत नव्हतं.

"अर्धी लिही," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला नागम्माने गणित करून आणलं. कागद तिने कौसरच्या हातात दिला आणि मागे जाऊन बसली. पाचशे दहा कॅलरी. प्रथिनं बारा ग्रॅम. खाली नियमाप्रमाणे शेरा लिहायचा असतो, ती जागा तिने कोरी सोडली होती. कौसरने कागद तपासायला घ्यावा तसा घेतला. बेरीज बरोबर होती. चहातलं दूध नागम्माने जरा जास्त धरलं होतं, एवढंच.

"शेरा का नाही लिहिला?"

"लिहू वाटंना, मॅडम."

"एका बाईला पंचेचाळीस ग्रॅम लागतात आणि ही बारा खाते. दीड महिना. काय होईल तिला?"

उर्वी हळूच म्हणाली, "जखमा लवकर भरणार नाहीत. सर्दी-ताप धरून ठेवेल. लस दिली तरी प्रतिपिंडं कमी बनतील."

"बरोबर," कौसर म्हणाली. तिने तोच आकडा फरशीवर लिहिला आणि त्या दिवशीचा अख्खा तास त्याच्यावर घेतला. कोणाचा आकडा आहे हे अकराही जणींना माहीत होतं. तास संपल्यावर मुलींनी उठताना काही ठरवलं असावं, कारण पुढच्या वेळेपासून दर खेपेला कुणीतरी डबा घेऊन यायची. उकडलेली अंडी, मटकीची उसळ, शेंगाचटणी लावून भाकरी. नागम्मा समोर बसून राहायची आणि डबा रिकामा झाल्याशिवाय उठायची नाही. कौसर खायची. चव लागत नव्हती. पण आकडा वाढला पाहिजे हे तिला पटलं होतं, आणि पटलेली गोष्ट ती करत होती.

एप्रिलमध्ये उजळणी सुरू झाली. एके दुपारी दाहाची लक्षणं आली. जखम झाली की तिथे काय काय दिसतं ते मुलींनी पाठ म्हटलं: लाली, उष्णता, सूज, वेदना. उन्हाळ्याची दुपार होती, पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. हुसेनसाब दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

उर्वीने विचारलं, "मॅडम, चारपैकी एखादं लक्षण नसलं तर?"

कौसरच्या हातात खडू होता. ती खाली वाकली आणि तिने फरशीवर एक पाऊल काढलं. टाचेपासून बोटांपर्यंत, चांगलं हातभर.

"पुरुष. वय एक्केचाळीस," ती म्हणाली. "मधुमेह सहा वर्षं, नीट ताब्यात नाही. तळव्यात खिळा गेला तो त्याला कळला नाही, कारण साखरेने पायाच्या नसा आधीच गेलेल्या असतात. चौथ्या दिवशी पायाला लाली होती, सूज होती, हात लावला तर गरम लागत होता. वेदना नव्हती. पांढऱ्या पेशी पोचतात, पण साखर जास्त असली की त्यांचं काम धड होत नाही. जंतू वाढतात. रक्तात उतरतात. मग जो दाह एका जागी व्हायचा तो सगळ्या अंगभर होतो. रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तदाब पडतो. मूत्रपिंडं थांबतात. माणूस जंतूंनी मरतो तेवढाच शरीराच्या स्वतःच्या उत्तराने मरतो. तीन दिवस."

नागम्माने ओढणी तोंडाला लावली होती. मागच्या दोघी उघड रडत होत्या. कौसरचा आवाज कुठेच हलला नव्हता.

हुसेनसाब खुर्चीवरून उठून आत आले. त्यांच्या मुलाला नेमकं काय झालं होतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. 'इन्फेक्शन' एवढा एक शब्द त्यांच्या वाट्याला आला होता.

"म्हणजे त्याला दुखलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही अब्बा. पायात नाही दुखलं."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले. मग डोळे उघडून फरशीवरच्या पावलाकडे बघत त्यांनी विचारलं, "आणि चौथ्या दिवशी नेला असता तर?"

"वाचला असता. बहुतेक."

"तुला दिसलं होतं?"

कौसरने खडू खाली ठेवला.

"दिसलं होतं. मी पाय दाबून विचारलं, दुखतंय का. तो म्हणाला, दुखताच नै. मग मी म्हटलं, परवा नेऊ. माझे पेपर तपासायचे होते. दुसरा प्रश्न हाच होता, अब्बा. दाहाची चार लक्षणं. मी सगळ्यांना तीनसाठी दीड आणि चारसाठी दोन मार्क दिले."

हुसेनसाबांनी टोपी घातली आणि ते बाहेर गेले. या खेपेला कडेकडेने गेले नाहीत. पावलावरून सरळ गेले. मुली एकेक करून उठल्या. नागम्मा सगळ्यात शेवटी गेली, तिने जाताना मॅडमच्या खांद्याला नुसता हात लावला.

दोन दिवस सासरा आणि सून एकमेकांशी कामापुरतं बोलले. कौसर वाट बघत होती, ते काहीतरी म्हणतील, शिवी देतील, साबेराला फोन करतील. तिला भीती वाटत नव्हती. जे काय असेल ते व्हावं, एवढंच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बाहेर आली तर हुसेनसाब गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने फरशी पुसत होते. पावलाची निम्मी रेघ पुसून झाली होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून नमाजसुद्धा खुर्चीवर पढणारा.

"अब्बा, उठा. मी पुसते."

"व्हतं आता," ते म्हणाले. "दुपारी पोरी येतील. जागा लागंल तुला." आणि सगळं पुसून होईस्तोवर ते उठले नाहीत.

अकराही मुली पास झाल्या. नागम्माला त्या पेपरात कॉलेजात सर्वांत जास्त गुण मिळाले. ती आणि उर्वी पुढे एम.एस्सी.ला तिथेच राहिल्या. जूनच्या सुरुवातीला इद्दत संपली. कौसरने बुरखा घातला, रिक्षा केली, मुलाखत दिली आणि पुन्हा त्याच नेमणुकीवर रुजू झाली.

त्या पावसाळ्यात विभागाने मंद्रूपच्या आठवडे बाजारात आहार-सल्ल्याचं शिबिर ठेवलं. मुली टेबलं टाकून बसणार, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या लोकांना काय खावं ते सांगणार, असा दरवर्षीचा कार्यक्रम. कौसरने अनसूयाबाईंना सांगितलं की साखरवाल्यांचे पाय बघायचे.

"आपण आहारवाले. पाय बघणं आपलं काम नाही," अनसूयाबाई म्हणाल्या.

"तपासत नाही मॅडम. नुसतं बघायचं. चप्पल काढायला सांगायचं."

अनसूयाबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि सामानाच्या यादीत कापूस लिहून घेतला.

बाजारात एका बाजूला टेबल लागलं. मुली कापूस आणि नायलॉनचा जाड धागा घेऊन बसल्या. माणसाने डोळे मिटायचे, तळव्याला धागा लागला की 'व्हय' म्हणायचं. लोकांना तो खेळ वाटला. पोरं हसायला लागली, बायका एकमेकींना ढकलून पुढे करायला लागल्या. अकराच्या सुमाराला चनबसप्पा आला. बाजारात केरसुण्या आणि दोरखंड विकणारा, पन्नाशीचा माणूस. तो चहाला निघाला होता, गर्दी बघून डोकावला. दहा वर्षांची साखर. नागम्माने त्याला डोळे मिटायला लावले, धागा लावला, पुन्हा लावला. चनबसप्पा गप्पच. तिने पाय जरा उचलून बघितला आणि कौसरला हाक मारली.

करंगळीच्या खाली, बोटांच्या बेचक्यात, काळी पडलेली जखम होती. भोवती लाली, सूज. कौसरने पंजाच्या पाठीला हात लावला. गरम.

नागम्माने कन्नडमध्ये विचारलं. चनबसप्पाने हसून हात हलवला. "नोवु इल्ला री," तो म्हणाला. दुखत नाही. "चप्पल लागल्याली हाय. जाईल की."

"चला," कौसर म्हणाली.

"कुटं?"

"सोलापूरला. दवाखान्यात. आत्ता."

"आवो बाई, बाजाराचा दिवस हाय! माल पडलाय तितं."

"माल या मुली विकतील."

"पुढच्या आठवड्यात जातो, शप्पत."

कौसर त्याच्यासमोर उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही, समजावलंही नाही. नुसती वाटेतून हलेना. चनबसप्पा डावीकडे सरकला, ती डावीकडे सरकली. तो हसला, मग हसायचा थांबला. शेवटी बाजूच्या कांदेवाल्याने वैतागून म्हटलं, "जा की लेका, बाई काय सोडत न्हाय तुला." जीप मिळाली. कौसर त्याच्या शेजारी बसून सोलापूरला गेली. उर्वी आणि नागम्मा दिवसभर केरसुण्या विकत बसल्या, आणि चनबसप्पापेक्षा जास्त खपवल्या असं नंतर बाजारात सांगितलं जायचं.

त्याची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला, माणूस वाचला. आठवड्याने कौसर नागम्माला घेऊन त्याला बघायला गेली तेव्हा खाटेशेजारी त्याची बायको बजाबाई बसली होती. कोण आलंय ते कळताच ती उभी राहिली.

"तुमीच व्हय त्या? चालता माणूस न्हेला आन् लंगडा करून बसवला! काय दुकत न्हवतं त्येला. कापूनच टाकली बोटं. आता दोरखंड पायात धरून वळायचा कसा त्येनं?"

"बजाबाई, राहिलं असतं तर…" नागम्मा बोलायला गेली.

"तू गप ग पोरी. हिला काय जातंय. तुमच्या घरात झालं असतं म्हंजी कळलं असतं!"

नागम्माचे डोळे भरले, ती तोंड उघडणार तोच कौसरने तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. खोलीतल्या बाकीच्या खाटांवरचे लोक बघत होते.

"खरं आहे," कौसर म्हणाली. "बोटं गेली ते वाईट झालं."

बजाबाईला भांडायला समोर माणूस हवा होता आणि तो मिळेना. ती खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. कौसर तिच्या शेजारी फरशीवर बसली. तिने हात पुढे केला नाही, धीराचं बोलली नाही. बजाबाईचं रडून होईपर्यंत बसून राहिली. वर खाटेवरून चनबसप्पाने ओशाळून विचारलं, "बाई, शेंगाचटणी चालंल का मला? हितली डाळ घशाखाली जाईना." कौसरने त्याला सांगितलं, चालेल, एक चमचा, आणि जखम भरेपर्यंत रोज दोन अंडी खायची. त्याने बायकोकडे बघितलं. लिंगायताच्या घरात अंडी शिजत नाहीत, हे नागम्माने हळूच सुचवलं. मग कौसरने दूध, दही, मटकी आणि शेंगदाण्याचा हिशोब करून कागदावर लिहून दिला. कागद बजाबाईने घेतला.

बाहेर आल्यावर नागम्मा म्हणाली, "मॅडम, सांगायचं की तिला. गप का बसला?"

"काय सांगायचं?"

"तुमच्या घरातलं. हारून सरांचं."

"त्याने तिला काय मिळणार होतं?" कौसर म्हणाली. मग तिला आपण अजून नागम्माचं मनगट धरून आहोत हे कळलं आणि तिने ते सोडलं. तिथे बोटांचे लाल वळ उठले होते. "दुखलं का?" तिने विचारलं.

"थोडं," नागम्मा म्हणाली.

आता पाय बघणं दर शिबिरात असतं; अनसूयाबाईंनी ते प्रात्यक्षिकाच्या वहीतही घातलंय. चनबसप्पा बाजारात खुर्चीवर बसून केरसुण्या विकतो. बजाबाई कौसरशी अजून बोलत नाही, पण शिबिराचं टेबल लागलं की येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ओरडून सांगते, "चपला काढून दावा तितं." साबेरा वर्षातून दोनदा येते आणि नातेवाइकांत सांगते की भाभीचं काळीज दगडाचं आहे, भाईच्या मयतीला तिच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. ते खरंच आहे, अजूनही आलेलं नाही. कौसर त्यावर भांडत नाही. यंदा शेवटच्या वर्षाला सव्वीस मुली आहेत. मागच्या सोमवारी पहिली चाचणी झाली आणि सव्वीसपैकी एकोणीस जणींनी शरीराला किल्ला म्हटलंय. उर्वी आता त्याच विभागात तासिका तत्त्वावर लागली आहे, तिने तो गठ्ठा बघून विचारलं, "मॅडम, किती मार्क कापायचे याचे?"

कौसर जरा चिडूनच म्हणाली, "अर्धा. प्रत्येकीचा अर्धा."